रात्री दोनला तो तिथं काय करत होता?

तासगाव तालुक्यातलं एक द्राक्षाचं गाव. ते माझं माहेर. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. या प्रकरणात आधी गावची लेक म्हणून ओढली गेले आणि मग वकील म्हणून. गावाचं नाव आणि माणसांची नावं देत नाही. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना आधी वाचून दाखवलंय. एका घरानं काही भाग गाळायला सांगितला, तो गाळला. खटले अजून चालू आहेत, म्हणून पुराव्याचं जेवढं उघड झालंय तेवढंच लिहिते. मला सांगायचंय ते गावाच्या मताबद्दल. चोरी कशानं होते आणि चोराचं काय करावं, हे गाव कसं ठरवतं, आणि ते ठरलेलं मत महिन्याभरात कसं फिरलं, ते मी जवळून पाहिलं.

केबल

मोटारीची केबल गेली की द्राक्षवाल्याचं नेमकं काय जातं, हे आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढचा राग कळणार नाही.

ऑक्टोबरची छाटणी उरकलेली असते. काड्यांना पेस्ट लावून माणूस डोळे फुटायची वाट बघत असतो. छाटणीची मजुरी, पेस्ट, औषधं, सगळं उधारीवर. अशात सकाळी विहिरीवर जावं, तर स्टार्टरपासून खाली गेलेली केबल नाही. वर हातभर तुकडा लोंबतोय आणि मोटार तळाला पाण्यात. मग चार माणसं आणि चेन कप्पी गोळा करून मोटार वर काढायची, तालुक्याहून दोनशे-अडीचशे फूट केबल आणायची, वायरमनच्या हातापाया पडायचं, जॉइंट मारून मोटार पुन्हा सोडायची. यात चार दिवस जातात. त्यात मोटारीला लागणारी तीन फेज वीज आठ तासच, पाळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. पाळी चुकली की बाग तहानलेली राहते. चोराच्या हाती मात्र केबल जाळून पाच-सहा किलो तांबं लागतं.

दीड महिन्यात अशा अकरा विहिरी झाल्या. सातवी माझ्या चुलत्यांची.

ओढ्याच्या कडेला केबल जाळलेली जागा मी नंतर पाहिली. घोंगडीएवढा काळा डाग, त्यात वितळून घट्ट झालेले रबराचे गोळे, आणि आठवडा उलटला तरी नाकात बसणारा वास. चुलत्यांनी केबलचा उरलेला तुकडा पोत्यात गुंडाळून ठेवला होता. टोक कटरनं एका घावात कापलेलं होतं. ओढाताण नाही, करवतीचे दात नाहीत. त्याहून मला खटकली ती दुसरीच गोष्ट. चोरानं स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून पेटीच्या झाकणावर ओळीनं मांडून ठेवले होते. काम करताना चुकून कुणी वीज चालू करू नये म्हणून वायरमन जसे ठेवतात, अगदी तसे. शिवाय अकराही चोऱ्या आमच्या फीडरला, म्हणजे गावच्या वीजवाहिनीला, रात्री तीन फेज नसायची त्याच रात्रींना झाल्या होत्या. म्हणजे चोराला वीज कधी असते ते ठाऊक होतं आणि त्याचा हात शिकलेला होता. हा काही पुरावा नव्हे, पण विचारायचा प्रश्न नक्की होता. तो गावात कुणी विचारला नाही. पोलिसांनीही नाही. मीही तेव्हा विचारला नाही.

कारण उत्तर आधीच ठरलं होतं. गावाबाहेर गायरानात पारध्यांची तीन पालं होती.

खांब

ही कुटुंबं चार वर्षांपासून छाटणीच्या हंगामात येत होती. बाया बागेत काडी वेचायच्या, पुरुष मिळेल ते काम करायचे. त्यांच्या पालांत वीजच नव्हती, मग विजेच्या वेळापत्रकाचं काय? पण आठव्या-नवव्या चोरीनंतर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप फिरू लागली. दूरच्या कुठल्या तरी गावची, अंगाला तेल चोपडलेल्या चोरांची. खाली कुणी तरी लिहिलं, ‘हीच टोळी आपल्या भागात.’ मग गस्त सुरू झाली. दहा-बारा पोरं, काठ्या, बॅटऱ्या, आणि कुणाची पाळी कधी याची यादी.

एका रात्री दोनच्या सुमाराला गस्तीला त्या पालांतला वीस वर्षांचा पोरगा रस्त्यावर सापडला. तीनला काकूचा फोन आला, ‘‘उठ बाई, ये लवकर. पोरं त्येला मारून टाकत्यात.’’ मी पोचले तेव्हा पोलिसांची गाडीही नुकतीच आली होती. देवळासमोरच्या विजेच्या खांबाला त्याला नायलॉनच्या दोरीनं बांधलं होतं. डावा हात कोपराखाली वेडावाकडा लोंबत होता. कानातून रक्त येऊन मानेवर सुकलं होतं. ज्यांनी मारलं ती पोरं आता बाजूला उभी राहून शूटिंग करत होती. त्यांच्यात माझा चुलतभाऊ होता.

त्याच्याकडे सापडलेल्या वस्तू कट्ट्यावर मांडल्या होत्या. एक बॅटरी, एक गोफण, फडक्यात अर्धी भाकरी आणि दोन सुतळी बॉम्ब. बॅटरी म्हणजे चोरीचं सामान झालं आणि सुतळी बॉम्ब म्हणजे नुसता बॉम्ब. सकाळपर्यंत तालुक्यात बातमी गेली होती की आमच्या गावात बॉम्बसकट चोर धरला.

मी त्याच्याजवळ गेले आणि पहिलं काय विचारलं ते इथं लिहायलाच हवं. विचारलं, ‘‘रात्री दोनला तू इथं काय करत होतास?’’ माझ्या चुलतभावाच्या हातात तशीच बॅटरी होती आणि वेळही तीच होती. त्याला मी हा प्रश्न विचारला नाही. सोळा वर्षं वकिली केली, आरोपीच्या बाजूनं कितीदा तरी उभी राहिले, तरी त्या खांबापाशी माझ्या तोंडून पहिला निघाला तो हाच प्रश्न. नंतर मला फार लाज वाटली. अजून वाटते.

तो म्हणाला, ‘‘राखणीवरनं आलो.’’ शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याच्या मक्यात रानडुकरं येतात. गोफण आणि फटाके त्यांना हाकलायला. रात्रीचे दोनशे रुपये. पोलिसांनी तिथंच त्या शेतकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘मला काय म्हाईत न्हाई.’’

आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशच्या चार साधूंना पोरं पळवणारी टोळी समजून लोकांनी मारलं होतं. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा असाच जीव गेला. ते मंगळवेढ्याकडचे, आमच्यापासून काही तासांवरचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक. दोन्ही ठिकाणी आधी अफवा होती, मग अनोळखी माणूस आला, आणि मग त्याचं उत्तर कुणालाच पटलं नाही. आमच्या गावात जीव गेला नाही. एका बाईनं मध्यरात्री दोन फोन केले, एक मला आणि त्याआधी एक पोलिसांना, म्हणून गेला नाही.

कारणं

पुढचे तीन दिवस मी माहेरीच होते. चावडी, दूध डेअरी, पारायणाचा मंडप, जिथं जाईन तिथं हाच विषय. मी वाद घातला नाही, ऐकत राहिले.

बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, ‘‘त्येंच्या रक्तातच असतंय ते.’’ हे वाक्य लोक फार सहजपणे बोलतात, जणू गावचं जुनं शहाणपण आहे. प्रत्यक्षात ते इंग्रज सरकारचं वाक्य आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ आणि १९२४ मध्ये तो कायदा वाढवला, घट्ट केला. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती, तिला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागदावरचा कायदा गेला. दूध डेअरीवरचा तसाच राहिला.

दुसरं मत होतं की कायद्याचा धाक उरला नाही. हे मला हलक्यानं घ्यायचं नाही, कारण त्यामागचं दुखणं खरं आहे. केबल गेलेला माणूस खरंच एकटा पडतो. पण मी एक साधी चौकशी केली. अकरा चोऱ्यांपैकी पोलिसांत तक्रारी किती? तीन. बाकीचे आठ जण गेलेच नाहीत. का, ते एकेकाला घरी जाऊन विचारलं. एकाचं वीज कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर, आजोबा वारून वीस वर्षं झालेली. दोघांकडे केबलची पावती नव्हती. तिघे म्हणाले, ठाण्यात दिवस मोडतो आणि हाती काही लागत नाही. उरलेले दोघे आधी बोलेनात. मग त्यातल्या एकानं खाली बघत सांगितलं, ‘‘ताई, आमची मोटार आकड्यावर चालतीया.’’

साध्या चोरीला नव्या न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानातही तेवढीच होती. आकडा टाकून वीज घेतली तर २००३ च्या वीज कायद्यात त्यालाही तीन वर्षांपर्यंतच कैद आहे. कायद्याच्या लेखी दोन्ही चोऱ्याच. गावाच्या लेखी एक चोरी आणि दुसरी अडचण. अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. कनेक्शनसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. पण पालात राहणाऱ्याचीही काही अडचण असू शकते, हा विचार मात्र त्या तीन दिवसांत माझ्या कानावर एकदाही आला नाही.

नव्वदीतले एक आबा चावडीवर काठी आपटून म्हणाले, ‘‘नाना पाटलाच्या वक्ताला चोर पत्र्या खाऊन सरळ व्हायचं. आता कोर्ट, तारीख, कोर्ट, तारीख.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या भागात शिक्षेचा विषय निघाला की पत्री सरकार निघतंच. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता. तळपायावर काठीचे फटके म्हणजे पत्र्या, ही आठवण घरोघर आहे. मी आबांच्या शेजारी बसून विचारलं, ‘‘आबा, पत्र्या मारायच्या आधी काय करायचे?’’ आबा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘बैठक बसायची. न्यायदान मंडळाची. दोघांचं ऐकून घेत्यात. साक्षी काढत्यात.’’ मारण्याची आठवण पुढं आली आणि ऐकून घेण्याची मागं पडली. त्या रात्री खांबापाशी कुणी बैठक बसवली नव्हती. आबांनाही हे पटलं असावं, कारण त्या तीन दिवसांत पुन्हा त्यांनी पत्र्यांचं नाव काढलं नाही.

तरण्या पोरांचं मत आणखी सरळ होतं, ‘‘हैदराबादसारखं केलं पाहिजे.’’ डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या पोलिसांनी चार आरोपींना गोळ्या घातल्या, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले होते. पुढं सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला. पोलिसांनी जीव घ्यायच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला. पेढ्यांची बातमी गावाला कळली होती, आयोगाची कळली नव्हती.

मग मी त्यांना लांबचं सोडून जवळचं विचारलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत लूटमारीच्या आरोपाखाली पकडलेला तरुण मारहाणीत मेला. त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला. फौजदारासह पोलिसांनाच अटक झाली. तेव्हा सगळी सांगली रस्त्यावर होती. आमच्या गावातूनही पोरं गेली होती. त्यातला एक आज गस्तीत होता. तो म्हणाला, ‘‘ते येगळं हुतं, ताई. त्यो पोरगा साधा हुता.’’ मी विचारलं, हा साधा नाही हे कसं कळलं? तो ‘‘पारधी हाय न्हवं’’ म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्याच ध्यानात आलं. मान फिरवून तो निघून गेला.

जामीनदार

पोरावर तीन तक्रारींपैकी दोन गुन्ह्यांत संशय दाखवला गेला. दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घातला, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा केला. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि रवानगी सांगलीच्या जेलात. याच जेलातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तट उतरून पळाले होते. ही गोष्ट आमच्याकडे पोराबाळांना अभिमानानं सांगतात. कुठला कायदा मोडणं गुन्हा आणि कुठला मोडणं मर्दुमकी, हे आमच्या जिल्ह्यानं नेहमी आपलं आपण ठरवलंय. दादांच्या वेळी ते बरोबर ठरवलं होतं.

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीमार्फत मी जामिनाचा अर्ज केला. त्याच्याकडे ना केबल सापडली होती, ना तांबं, ना कटर. नवव्या दिवशी जामीन मंजूर झाला. गावात लगेच बोललं गेलं, ‘‘बघा, चोर धरला की सुटतोय.’’ पण तो सुटलाच नव्हता. आदेशात पंधरा हजारांचा जामीनदार होता, आणि जामीनदार म्हणजे सातबारा किंवा घराचा उतारा असलेला माणूस. पालात राहणाऱ्यासाठी सातबारा घेऊन कोर्टात उभं राहणार कोण? मी ओळखीच्या चौघांना विचारलं. चौघांनी चहा पाजला. त्याची आजी रोज सकाळी कोर्टाच्या आवारात येऊन लिंबाखाली बसायची. पदराच्या गाठीत साडेचारशे रुपये होते. ते मला देऊ करायची आणि विचारायची, ‘‘बाई, सायबानं सोडलं म्हणतीस, मग पोरगं कुठं हाय?’’

जामीन मिळूनही सात दिवसांत जो सुटत नाही, त्याची खबर जेलच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. त्याचा आधार घेऊन मी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडण्याचा अर्ज दिला. तो मंजूर होऊन पोर बाहेर आलं तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत जेवढे लोक होते, त्यातले शेकडा ७५.८ कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. हा आकडा मी कितीदा तरी भाषणात सांगितलाय. लिंबाखाली बसलेल्या आजीला तो सांगून उपयोग नव्हता.

दरम्यान, पोर जेलात असताना बारावी केबल गेली. आठवड्यानं तेरावी.

मला वाटलं, आता तरी गाव थांबेल. पण ग्रुपवर लिहून आलं, ‘टोळी मोठी आहे.’ ज्या गोष्टीनं संशय फिटायला हवा होता, तिनंच तो वाढवला. पालं उठवावीत म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज गेला. अर्जावर चाळीसेक सह्या होत्या. आमच्या घरच्या दोन.

आपलं पोर

चोर सापडला तो गस्तीला नाही, फोनमुळं. एका नव्या फौजदारानं भंगारवाल्याकडची तांब्याची खरेदी तपासली. भंगारवाला रोख देत नव्हता, फोनवरून पैसे पाठवत होता. दर चोरीनंतर दोन दिवसांत एकाच नंबरवर पैसे गेलेले. नंबर आमच्याच गावचा. तेवीस वर्षांचा पोरगा, आयटीआयला वायरमन ट्रेड केलेला, चांगल्या घरचा. निम्म्या गावाच्या मोटारी तो दुरुस्त करायचा. माझ्या चुलत्यांच्या विहिरीवर जॉइंट मारायला तोच आला होता. गस्तीच्या यादीत त्याचंही नाव होतं. सव्वा लाख त्यानं फोनवरच्या रमीत घालवले, ते फेडायला लोन ॲपवरून पैसे काढले, आणि मग वसुलीवाले त्याच्या बहिणीचे फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायच्या धमक्या देऊ लागले. हे त्यानं पोलिसांना सांगितलं, आणि पुढं आईच्या मांडीवर डोकं ठेवून आईलाही.

त्या संध्याकाळी देवळात बैठक बसली. महिनाभर जी माणसं ‘हात तोडा’ म्हणत होती तीच बोलत होती.

‘‘पोरगं गुणाचं हाय. नड आली, वाट चुकलं.’’

‘‘ह्या मोबाईलनं घात केला. त्या कंपन्यांस्नी धरा आधी.’’

‘‘नोकऱ्या न्हाईत. शिकून करायचं काय पोरांनी?’’

‘‘केस झाली तर जन्मातनं उठंल. बायको कोण देणार?’’

‘‘पैसं भरून घेऊ. मिटवा.’’

त्यांचा एकही शब्द मला चुकीचा वाटला नाही. तो पोरगा खरंच गुणी होता. मी त्याला पाळण्यात पाहिलंय. नड खरी होती, वसुलीवाल्यांचा छळ खरा होता. चोरी मालकाच्या संमतीनं तडजोडीनं मिटवायची सोय कायद्यातच आहे, आणि ती चांगली सोय आहे. पाच हजारांखालची चोरी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा पैसे परत केले, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा, हेही नव्या संहितेत आलंय. माणूस बिघडतो तो परिस्थितीनं, संगतीनं, कर्जानं, आणि म्हणून त्याला सावरायला वाव द्यावा, हे गावाला शिकवायची गरजच नव्हती. गावाला ते आधीपासून येत होतं. ज्याला ओळखतो त्याच्यापुरतं.

मी बैठकीत स्वतंत्रपूरचं सांगितलं. आमच्याच जिल्ह्यात, आटपाडीजवळ. १९३९ मध्ये औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या माणसाच्या कल्पनेवरून आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळानं ही खुली वसाहत झाली. जन्मठेपेचे कैदी, पण भिंत नाही. बायकापोरांसह राहायचं आणि शेती कसायची. त्यावरून पुढं ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमाही निघाला. सिनेमा सगळ्यांना माहीत होता. जागा आपल्याच जिल्ह्यात आहे, हे बैठकीतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. सरपंच म्हणाले, ‘‘मग तसंच कायतरी आपल्या पोराला करा.’’ मी म्हटलं, करू. आणि पारध्याच्या पोराचा हात मोडला, एकोणीस दिवस गेले, त्याचं काय करायचं? देवळात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून काकूचा आवाज आला. बैठकीत बायका बोलत नाहीत, पण ती बोलली. ‘‘आपला तो बाब्या अन् त्येचं ते कार्टं. मी फोन केला म्हणून घरात महिनाभर माझ्याशी कोण धड बोललं न्हाई. आता बोला.’’

चुलते उठून बाहेर गेले. चुलतभाऊ तिथंच खाली मान घालून बसून राहिला.

हजेरी

दोन दिवसांनी तो शेजारच्या गावचा शेतकरी माझ्या ऑफिसात आला. राखणीला पोर त्याच्याकडेच होतं, असा जबाब द्यायला तयार झाला. ‘‘भ्या वाटलं, वकीलबाई. मलाच म्हणलं असतं, चोराला ठिवून घेतला.’’ मी त्याला बोलले, जरा जास्तच बोलले. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘आता सांगतोय, ते तरी घ्या.’’ घेतलं. चोरीच्या दोन्ही गुन्ह्यांतून पोराचं नाव वगळावं, असा अहवाल पोलिसांनी कोर्टात दिला.

मारहाणीचा गुन्हा मात्र वेगळा. तो मिटवा म्हणून गावानं पोराच्या बापाला तीस हजार देऊ केले. सरपंचांनी स्वतः गायरानात जाऊन सांगितलं, आणि जाताना साखर-पत्ती नेली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. बाप काही बोलला नाही. आजी म्हणाली, ‘‘त्येचा हात सरळ हुईल का तीस हजारात?’’

पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, म्हणून ॲट्रॉसिटीचं कलम लागायला हवं होतं. ते सुरुवातीला लागलं नाही. जातीचा दाखला कुठाय, असं विचारलं गेलं. दाखला नव्हता. तिन्ही पालांत मिळून एक रेशन कार्ड होतं, तेही दुसऱ्या तालुक्याचं. या खटल्यात मी साक्षीदार आहे आणि माझा चुलतभाऊ आरोपी आहे, म्हणून त्यात वकीलपत्र घेतलेलं नाही. दाखल्याच्या कागदांना मात्र मी हात घातला.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. ज्यांना त्या काळात एका जागी राहूच दिलं नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? शाळेचा दाखला नाही, घरपट्टी नाही, सातबारा नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतही काही हाती लागलं नाही. मी आजीला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, सरकारी माणसानं कधी काही लिहून घेतलं होतं का? अंगठा घेतला होता का? तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, ‘‘माझा सासरा रोज सांजचं पाटलाकडं हजेरीला जायचा. न्हाई गेला तर मारायचं. तिथं वहीत अंगठा हुता त्येचा.’’

गुन्हेगार जमातीची हजेरी. त्या घराण्यातला माणूस या मुलखात १९५० च्या आधी राहत होता, हे सांगणारा कागद असेल तर तोच, ज्यात त्याला जन्मानं चोर म्हणून लिहिलंय. नातवाला आता त्याच वहीची नक्कल हवी आहे.

त्या वेळच्या गावाचं नाव आजीला नीट आठवत नाही. दोन नावं सांगते. दोन्ही गावांसाठी मी जुन्या पोलीस अभिलेखांच्या नकलेचा अर्ज केलाय. परवा पहिल्या अर्जाचं उत्तर आलं, शोध चालू आहे म्हणून. पालं आता गायरानात नाहीत, पलूसकडच्या एका बागेवर गेलीत. पोराचा हात पुरता वळत नाही, म्हणून त्याला छाटणीला कुणी घेत नाही, राखणीलाच घेतात. गेल्या आठवड्यात चुलतभाऊ माझ्याकडे आला होता. बराच वेळ बसला, मग म्हणाला, ‘‘आक्का, त्या अर्जाला तलाठ्याकडं कोण जातंय? मी जाऊ का?’’ मी त्याला अर्जाची पोच दिली आणि कुठल्या खोलीत जुनं दप्तर असतं ते सांगितलं.